पाडकामातला माल राडारोड्यात घालवू नका

1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या काळात शहरात व आसपास नव्या बांधकामांना जोर आला, तसे जुन्या घरांचे पाडकामही वाढले. पाडकाम म्हटले की जेसीबी लावायचा, सगळे एकत्र करून डंपर भरायचा आणि रात्री खाडीकाठी रिकामा करायचा, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी होतो. त्यात खारफुटी गाडली जाते, पावसाच्या पाण्याची वाट अडते आणि विकण्याजोगा मालही मातीत जातो. हे नुकसान आपल्याच व्यापारी व कारागीर बांधवांचे आहे, हे लक्षात आणून देण्यासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

खरे तर पनवेलला ही गोष्ट नवी नाही. एके काळी हे गाव बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. लाकूड झिजले म्हणून लोखंडी धाव कोणी फेकून देत नसे. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा, या जुन्याच व्यवहाराला आज तज्ज्ञ मंडळी चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात.

पाडकामात सगळे महत्त्व क्रमाला आहे. जो माल शेवटी चढला तो आधी उतरवावा: प्रथम वायर, नळ, ग्रिल, दारे-खिडक्या, मग कौले, वासे, तुळया, शेवटी भिंती. जुने सागवान मुरलेले असते. खिळे काढून, वाळवी पाहून ते सुताराला दिल्यास चांगला भाव येतो. चुन्यात बांधलेल्या विटा साफ होऊन पुन्हा कामी येतात. सिमेंटमधल्या बहुधा तुटतात, त्यांचा उपयोग भरावाला करावा. जुनी सळई सरळ करून नव्या स्लॅबमध्ये मुळीच घालू नये. ती भट्टीसाठी भंगारातच विकावी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते, म्हणून असे पत्रे कापू वा फोडू नयेत, ओले करून अखंड उतरवावेत आणि पुन्हा विकू नयेत.

काँक्रीटचीही खडी होते. आयएस 383 या मानकाने 2016 साली अशा खडीला मान्यता दिली. साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, एम-25 पर्यंतच्या आरसीसीमध्ये 20 टक्के आणि एम-15 च्या खालच्या काँक्रीटमध्ये 100 टक्क्यांपर्यंत ती चालते. मात्र त्यासाठी काँक्रीट, माती, लाकूड आणि विटा जागेवरच वेगळ्या ठेवाव्या लागतात. एकदा मिसळलेला माल निवडण्याची मजुरी मालाच्या किमतीवर जाते.

आता कायद्याकडे पाहू. 2016 च्या नियमांनी दिवसाला 20 टन किंवा एका कामात महिन्याला 300 टन राडारोडा करणाऱ्यावर तो वेगळा करण्याची जबाबदारी टाकली. एप्रिल 2025 मध्ये नवे नियम जाहीर झाले आणि त्यांच्या अंमलासाठी 1 एप्रिल 2026 ही तारीख ठरली. 20,000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांच्या मालकांना या नियमांनी राडारोड्याचा हिशोब देण्यास बांधले आहे.

आमच्या मते खरा प्रश्न इथेच आहे. भंगारवाले, सुतार आणि गवंडी हे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत, पण बहुतेक तोंडी. हिशोब द्यावा लागणारा बिल्डर कागद देणाऱ्याकडेच जाईल. कागद नसेल तर हातातला धंदा मोठ्या कंपन्यांकडे जायला वेळ लागणार नाही. म्हणून चार-पाच जणांनी मिळून एक आवार घ्यावे, वजनाची पावती व बिल ठेवावे, जीएसटीचे नियम सल्लागाराकडून समजून घ्यावेत. धातूच्या भंगाराबाबत 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्याकडून माल घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यालाच कर भरावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

कसब आपल्याकडे आहेच. आता वहीही ठेवावी.