नाण्यावरची राणी

गेल्या आठवड्यात आपण कार्षापण ही जुनी नाणी पाहिली. आज नाण्यांवरच्या राण्या.

आळेफाट्याहून माळशेजमार्गे कल्याण गाठता येतं. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरातला माल घाटमाथ्यावर चढायचा तो नाणेघाटाने, आणि पोचायचा जुन्नरच्या पेठेत. समुद्रापलीकडचं चलन या देशाला अनोळखी नव्हतं. भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी येतात आणि ती इथल्या नाण्यांशी बदलताना फायदा होतो, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे.

भारतात जी रोमन चांदीची नाणी मुबलक सापडली, त्यांत सम्राट टायबेरियसचं एक आहे. त्याच्या मागच्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री दिसते. एका हातात राजदंड, दुसऱ्यात डहाळी. ही त्याची आई लिव्हिया, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. पण नाण्यावर तिचं नाव नाही. मुलाच्या पदव्या मात्र आहेत.

नंतरची रोमन राणी आग्रिपिना हिची नाणी पाहिली की रोमच्या दरबारात काय चाललं होतं ते तारीखवार कळतं. इ.स. ५४मध्ये तिचा मुलगा नीरो सतरा वर्षांचा होण्याआधीच सम्राट झाला. त्या वर्षीच्या नाण्यावर मायलेक समोरासमोर आहेत, आणि चेहऱ्यांभोवतीची अक्षरं आईची. नीरोच्या पदव्या मागच्या बाजूला. पुढच्याच वर्षी दोघं एका दिशेला पाहतात, नीरो पुढे, आई त्याच्या आड, आणि तिचं नाव मागच्या बाजूला गेलेलं. त्यानंतर नीरोच्या रोममधल्या नाण्यांवरून ती नाहीशीच होते. ५९मध्ये मुलाने तिला ठार करवलं. एखाद्या राणीची सत्ता ओसरल्याचा इतका स्पष्ट पुरावा लेखी इतिहासातही क्वचित मिळतो.

फाउस्टिनाचं उलट झालं. पती सम्राट अँटोनायनस पायस याने तिच्या मृत्यूनंतर तिला देवी ठरवून वर्षानुवर्षं तिची नाणी पाडली.

आता जुन्नरकडे वळू. इथे मिळालेल्या एका चांदीच्या नाण्यावर सातवाहन राजा सातकर्णीसोबत राणी नागनिकेचं नाव आहे. सातवाहनांच्या नाण्यांवर चेहरे यायला तेव्हा अजून बराच अवकाश होता. पण नाव आलं, तेही राणीच्या हयातीत की नंतर हा वाद बाजूला ठेवला तरी, राजाच्या नावाच्या जोडीला आलं. माझ्या मते लिव्हियाच्या निनावी आकृतीपेक्षा हा मान मोठा. नाणेघाटाच्या लेण्यातला यज्ञांचा लेख तिचाच मानला जातो. त्यात गाई, घोडे, हत्ती यांच्याबरोबर दक्षिणा म्हणून दिलेले कार्षापण आकड्यांत कोरले आहेत, एका ठिकाणी २४,४००. शेजारच्या भिंतीवर राजकुळाच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, पायांच्या खुणा उरल्या. वरची नावं मात्र वाचता येतात, आणि त्यांत ‘देवी नायनिका’, म्हणजे नागनिका, आहे.

पुढच्या सातवाहन राजांनी तर स्वतःच्या नावाआधी आईचं गोत्रनाम लावलं: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. ही नावं त्यांच्या नाण्यांवरही आहेत. त्यांतल्या गौतमीपुत्राने क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर आपला ठसा कसा मारला, ते १९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या साठ्यावरून पुढच्या आठवड्यात पाहू.