काकांची डॉज डार्ट आणि गॅसमधलं इथेनॉल

एरवी मी या कार्यक्रमात पासवर्ड, क्लाउड, मुलांचे फोन असल्या विषयांवर बोलतो. आज गॅसवर बोलणार आहे. गॅस म्हणजे इथला गॅस, आपलं पेट्रोल. माझी आई इथे राहायला आली की मी "गॅस भरून येतो" म्हटल्यावर अजूनही आधी स्वयंपाकघराकडे बघते.

आमच्या न्यू जर्सीच्या घरी एक १९६८ सालची डॉज डार्ट आहे. ती काकांची. काका म्हणजे सख्खे काका नव्हेत. मी या देशात नवीन असताना ज्यांच्या घरी पहिली दिवाळी केली, ते काका. ते १९७२ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. लगेच अरब देशांनी तेल अडवलं. नंबर प्लेटच्या सम-विषम आकड्याप्रमाणे एक दिवसाआड गॅस मिळायचा, त्या रांगांमध्ये ही गाडी उभी राहिलेली आहे. चार वर्षांपूर्वी काका अपार्टमेंटमध्ये राहायला गेले, तेव्हा किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "विकायची असेल तर मला सांगू नकोस."

गेल्या ऑक्टोबरमध्ये माझी मुलगी म्हणाली, "बाबा, गराजमधून घरात वास येतोय." मी म्हटलं, जुनी गाडी आहे, वास येणारच. तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितलं, तेव्हा मी बॉनेट उघडलं. फ्युएल पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारा रबरी पाईप बोटांत दाबला, तर त्याला बारीक भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेतून थेंब येत होता. या इंजिनाच्या रचनेत कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या तापणाऱ्या लोखंडाच्या वरच बसतो. आणि आमचा गॅसवरचा वॉटर हीटर त्याच गराजमध्ये आहे, आत सतत पेटती ज्योत. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की तो पाईप १९६८ चा नव्हताच. तीन वर्षांपूर्वी मीच बदलला होता. दुकानात फक्त जाडी बघितली, कशाचा आहे ते बघितलं नाही.

इथे पंपावर मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या गॅसमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याला ई-१० म्हणतात. इथेनॉल म्हणजे मद्यार्क. इथे तो मुख्यतः मक्यापासून बनतो आणि त्यात आयोवा राज्य सर्वांत पुढे आहे. आमच्या भागात आधी गॅसमध्ये एमटीबीई नावाचं रसायन घालत. ते भूजलात उतरायला लागलं, म्हणून २००६ च्या सुमारास ते गेलं आणि इथेनॉल आलं. शिवाय २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी जैवइंधन वापरणं तेल कंपन्यांना बंधनकारक केलं. डार्ट बनवणाऱ्यांच्या डोक्यात १९६८ मध्ये यातलं काहीच असणं शक्य नव्हतं.

जुन्या काळच्या रबराला इथेनॉल सोसत नाही. ते रबर आधी फुगतं, मग सुकलं की कडक होऊन तडकतं. पाईप, फ्युएल पंपातला पडदा, कार्ब्युरेटरमधली छोटी वायसरं, कॉर्कची गॅस्केट, सगळ्यांची हीच गत. वर इथेनॉल चांगला सफाई कामगार आहे. टाकीत तीस-चाळीस वर्षं साचलेला मळ तो सोडवतो आणि नेऊन फिल्टरमध्ये बसवतो. म्हणून बरीच वर्षं उभी असलेली गाडी चालू केली की पहिल्या काही टाक्यांत फिल्टर तुंबतो आणि लोक म्हणतात, इंजिन गेलं. इंजिन गेलेलं नसतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. साधं पेट्रोल पाणी जवळजवळ धरतच नाही, इथेनॉल मात्र धरतं. ई-१० मध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मुरतं, म्हणजे दहा गॅलनमागे जेमतेम पाऊण कप. त्याहून जास्त झालं किंवा थंडी वाढली, की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. १९७० च्या आसपासपर्यंतच्या गाड्यांच्या टाक्या बाहेरच्या हवेला उघड्या असायच्या, त्यामुळे दमट हवा आत-बाहेर करत राहते. डार्ट माझ्याकडे आली त्या पहिल्या हिवाळ्यात मी तिला अर्ध्या टाकीवर नोव्हेंबर ते एप्रिल तशीच उभी ठेवली. वसंतात ती सुरू होईना. मेकॅनिकने टाकीच्या तळाचं काढून काचेच्या बरणीत दाखवलं तर सरळ दोन थर होते, वरणावर फोडणीचं तेल तरंगावं तसे. आणि इंजिन ओढून घेतं ते तळाचंच. एकदा असे थर झाले की बाटलीतलं कुठलंही औषध ते पुन्हा एक करत नाही. टाकी रिकामी करायची, दुसरा इलाज नाही.

तिसरी गोष्ट इतकी गंभीर नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-१० ला साधारण १४.१ पट. नवीन गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, म्हणून सकाळी थंड इंजिन जरा अडखळतं आणि उन्हाळ्यात गरम गाडी बंद करून लगेच सुरू केली की कुरकुरते. जाणकार माणसाकडून कार्ब्युरेटर जुळवून घेतला की बरंचसं काम होतं. ॲव्हरेज तीनएक टक्क्यांनी कमी होतं, पण डार्टचं ॲव्हरेज मोजायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

महाग प्रीमियम गॅस घातला तर इथेनॉल टळतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, प्रीमियममध्येही ते बहुधा असतंच. इथेनॉल नसलेला गॅस काही राज्यांत बोटी आणि शेतीच्या यंत्रांसाठी मिळतो. आमच्याजवळच्या पंपांवर मला तो मिळाला नाही. घरगुती सामानाच्या मोठ्या दुकानांत लॉनमोअरसाठी डबाबंद मिळतो, गॅलनला वीस डॉलरच्या वर. गाडीला परवडणारा नाही, पण लॉनमोअर हिवाळ्यात ठेवण्याआधी त्यावर चालवून ठेवायला उत्तम.

एका ठिकाणी मात्र डोळे उघडे ठेवा. न्यू जर्सीत गॅस आपल्या हाताने भरता येत नाही, त्यामुळे आम्हाला पंप वाचायची सवयच नाही. मागच्या वर्षी डार्ट घेऊन पेनसिल्व्हेनियात गेलो, तिथे सेल्फ सर्व्हिस. एक नळी बाकीच्यांपेक्षा स्वस्त, वर ८८ लिहिलेलं. आपला मराठी हात तिकडेच जाणार! बाजूला नारिंगी-निळं लेबल होतं, म्हणून वाचलो. ते ई-१५, म्हणजे पंधरा टक्के. ईपीए या सरकारी संस्थेने ते फक्त २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांना मंजूर केलंय. त्याआधीच्या गाड्या, मोटारसायकली, बोटी आणि लॉनमोअरमध्ये ते घालायला कायद्याने बंदी आहे. तेव्हा तुमच्याकडे काकांची नाही, पण मुलाला शिकायला ठेवलेली १९९८ ची कोरोला असेल, तरी हे तुम्हालाही लागू आहे. ई-१० त्या गाडीला चालतं, त्याची काळजी नको.

माझ्या गाडीतले सगळे रबरी पाईप आता बदललेत. नव्या पाईपवर "एसएई ३०आर९" असं छापलेलं आहे. त्याला आतून इथेनॉल सोसणारं अस्तर असतं. पंपाचा पडदाही नवीन. टाकी हिवाळ्याआधी काठोकाठ भरतो, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही, आणि स्टॅबिलायझर ताज्या गॅसमध्येच घालतो. रस्ता कोरडा असेल त्या रविवारी अर्धा तास फिरवून आणतो. गराजमध्ये वास आला तर आता कुणी मला दोनदा सांगत नाही.

हे सगळं चालू असताना सांगलीहून अण्णांचा फोन आला. आमची १९९८ ची मारुती ८०० अजून त्यांच्याकडे आहे. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर पोचलं आणि इथल्यासारखा दुसऱ्या नळीचा पर्याय साध्या पंपावर नाही. अण्णांची पंचाईत वेगळीच आहे. ते कारखान्याचे सभासद. इथेनॉलमुळे उसाचं बिल वेळेवर मिळायला मदत होते हे ते स्वतः सांगतात आणि माझं इंजिनिअरिंग त्याच बिलांवर झालं. आता तोच ऊस त्यांच्या मारुतीच्या टाकीत आलाय. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धर्तीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्के घटेल असा अंदाज होता. पेट्रोलियम मंत्रालय म्हणतं घट किरकोळ आहे, पण काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, हे त्यांनीही मान्य केलंय.

मी म्हटलं, "अण्णा, ॲव्हरेजचं राहू द्या. बॉनेट उघडा आणि पेट्रोलच्या पाईपवर काय छापलंय ते मला वाचून दाखवा." फोन हातात घेऊनच ते अंगणात गेले. थोड्या वेळाने म्हणाले, "काहीच छापलेलं नाही रे. आणि बोटाला काळं लागतंय."

"मग तुम्ही आज गाडी काढू नका," मी म्हटलं. "मेकॅनिकलाच घरी बोलवा."