पहिला दिवाण काढायचा कधी?

डोंबिवलीत किंवा पिंपरीत वन रूम किचनची जागा, लग्नानंतरचे पहिले काही पगार आणि हप्त्याने घेतलेले चार नग: एक दिवाण, एक लोखंडी कपाट, दोन घडीच्या खुर्च्या. पुढे बाळासाठी पाळणा. बऱ्याच मध्यमवर्गीय संसारांची सुरुवात अशीच झाली. मग टू बीएचके झाले, मुले मोठी झाली, सोफा आला, भिंतीतली कपाटे आली. दिवाण मात्र हॉलमधून आतल्या खोलीत, तिथून गॅलरीत सरकत राहिला आणि पाळणा माळ्यावर गेला. ‘अहो, काढा ना आता एकदाचा तो दिवाण,’ असे ती दर दिवाळीच्या साफसफाईत म्हणते. ‘असू दे गं, तो काय खायला मागतोय का?’ हे त्याचे ठरलेले उत्तर. काही घरांत हाच संवाद उलट बाजूंनी होतो.

भंगारवाला त्याचे शे-दोनशे रुपये देऊ करतो तेव्हा खरा राग येतो. या रागामागे केवळ कंजूषपणा नसतो. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1980 मध्ये या वृत्तीला ‘एन्डाउमेंट इफेक्ट’ असे नाव दिले. वस्तू आपली झाली की आपल्या लेखी तिची किंमत वाढते. थेलर, डॅनियल काहनेमान आणि जॅक नेच यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले. ते विकायला त्यांनी मागितलेली किंमत, मग न मिळालेले विद्यार्थी द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. तेही काही मिनिटांपूर्वी हातात आलेल्या मगसाठी. पंचवीस वर्षे ज्यावर बसलो, झोपलो, भांडलो, त्या दिवाणाचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. 2008 मध्ये ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनमधून हेच तपासले. आवडती वस्तू विकण्याचा विचार करताना ज्यांच्या मेंदूतील इन्सुला हा भाग जास्त सक्रिय झाला, त्यांच्यात हा परिणामही जास्त दिसला. वेदना आणि किळस या अनुभवांतही हाच भाग काम करतो.

पण दिवाण म्हणजे मग नव्हे. शिकागोतील 82 कुटुंबांतल्या 315 जणांना मिहाय चिक्सेंटमिहाय आणि युजीन रॉचबर्ग-हाल्टन या अभ्यासकांनी विचारले होते, की घरातल्या कोणत्या वस्तू तुमच्यासाठी खास आहेत? 1981 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या अभ्यासात सर्वाधिक वेळा नाव आले ते फर्निचरचे. दागिने, फोटो, पुस्तके त्याच्या मागे होती. आणि कारणे सांगताना लोक बसायला किती आरामशीर आहे याविषयी फारसे बोलले नाहीत. ते आठवणींविषयी, माणसांविषयी बोलले. शहर दूरचे असले तरी उत्तरे ओळखीची वाटतात.

नवरा-बायकोचे मतभेद इथेच सुरू होतात. त्याला त्या दिवाणात पहिल्या पगाराचा अभिमान दिसतो. तिला कदाचित त्याच दिवाणावर दुपारभर पसरलेले पाहुणे आणि स्वयंपाकघरात उभी असलेली आपण दिसतो. वस्तू एक, आठवणी दोन. म्हणून ‘तुला त्याचे काय पडले आहे’ या वाक्याने प्रश्न सुटत नाही. तो गावी गेला असताना दिवाण परस्पर देऊन टाकणे हा तर सर्वांत वाईट उपाय. त्याची बोच दिवाणापेक्षा जास्त टिकते.

उलट, अडगळ घरात राहू देणेही फुकट नसते. लॉस एंजेलिसमधील नोकरी करणाऱ्या 30 जोडप्यांना डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी आपापले घर दाखवत त्याचे वर्णन करायला सांगितले. ज्या स्त्रिया घराविषयी बोलताना पसारा, अपुरी राहिलेली कामे यांचा वारंवार उल्लेख करत, त्यांच्यात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची दिवसभरात जशी उतरण व्हायला हवी तशी होत नव्हती. 2010 च्या या अभ्यासात पुरुषांमध्ये मात्र हा संबंध तसा आढळला नाही. पसाऱ्यामुळेच ताण येतो हे यातून सिद्ध होत नाही. पण तो पसारा आवरणे कोणाचे काम समजले जाते, याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

भावना बाजूला ठेवून शरीराच्या बाजूने पाहिले, तर प्रत्येक नगाचा निकाल वेगळा लागतो. सर्वांत आधी जायला हवी ती दिवाणावरची जुनी गादी. माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे धुळीतले सूक्ष्म माइट गादीत वाढतात. दमट हवा त्यांना मानवते, म्हणजे कोकणपट्टी आणि मुंबईचा पावसाळा ही त्यांची चंगळच. अ‍ॅलर्जी आणि दम्याला मुख्यतः त्यांची विष्ठा कारणीभूत ठरते आणि माइट मेले तरी ती गादीत उरते. कापसाची गादी उन्हात टाकल्याने ओल जाते, पिंजून घेतल्याने ती मऊ होते, पण पहाटे शिंका आणि धाप सुरू असणाऱ्या घरात अशा गादीचा मोह धरू नये.

दिवाणाची उंची हा दुसरा मुद्दा. पंचविशीत बुटका दिवाण छान वाटतो. साठीत त्यावरून उठताना गुडघे नितंबांपेक्षा वर असतात आणि सगळा भार गुडघ्यांवर आणि मांडीच्या स्नायूंवर येतो. हातांनी रेटा दिल्याशिवाय उठता येत नसेल, तर दिवाण एकतर उंच करून घ्यावा किंवा काढावा.

लाकडाचे मात्र उलट आहे. सागवानात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असल्याने वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. नव्या प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफच्या फर्निचरमधल्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. तो माणसात कर्करोग घडवू शकतो, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये केले. हा वायू सुरुवातीच्या काळात जास्त आणि पुढे कमी होत जातो. तेव्हा जुना दिवाण काढून बंद खोलीत झगमगीत नवे फर्निचर भरणे ही आरोग्याची सुधारणा असेलच असे नाही. सुताराकडून त्याच फळ्यांचे पुस्तकांचे कपाट करून घेणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते.

पाळण्याबाबत जास्त सावध राहायला हवे, कारण तो नातवासाठी हमखास खाली काढला जातो. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. दात येणारे बाळ कठडा चावते, पोपडे तोंडात जातात आणि शिशाची कुठलीच पातळी बाळाच्या मेंदूसाठी सुरक्षित मानली जात नाही. पॉलिश पेपरने कोरडा रंग घासला तर त्याची धूळ घरभर पसरते. रंगवलेला जुना पाळणा बारशाला सजवून फोटो काढण्यापुरता ठीक; बाळाने झोपायला नवा घ्यावा.

फोटोचा उपयोग आणखीही आहे. कॅरन विंटरिच, रेबेका रेझेक आणि ज्युली अर्विन यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकेतील विद्यापीठाच्या वसतिगृहांत दोन प्रकारची आवाहने लावली. एका ठिकाणी भावनिक वस्तू फक्त गोळा करून दान करा, असे लिहिले होते. दुसरीकडे आधी फोटो काढा, मग दान करा. पहिल्या आवाहनाला 533 वस्तू आल्या, दुसऱ्याला 613. आठवण आपल्याकडेच राहते आहे असे वाटले की हात सैल होतो. मात्र ही युक्ती भावनिक मोलाच्या वस्तूंपुरतीच. केवळ ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या मोडक्या खुर्चीला फोटोची गरज नाही.

काही घरांत काहीच निघत नाही: वर्तमानपत्रे, रिकामे डबे, तुटके पंखे, मग झोपायलाही जागा उरत नाही आणि एखादी वस्तू हलवली तरी माणूस कासावीस होतो. ‘होर्डिंग डिसऑर्डर’ला 2013 पासून स्वतंत्र मानसिक विकार म्हणून मान्यता आहे. तिथे टेम्पो बोलावून घर रिकामे करणे घातक ठरू शकते. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, समुपदेशनाने फरक पडतो.

बाकीच्या घरांत दिवाणाला नवे घर शोधण्याचे काम उरते. भंगाराच्या दरापेक्षा नुकता संसार मांडलेला एखादा वॉचमन किंवा भाड्याने राहणारी नोकरदार मुले बरी. गादी काढून, खिळे तपासून, ढेकूण नाहीत याची खात्री करून तो द्यावा. आणि टेम्पो येण्याच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी मिळून त्याचे खालचे कप्पे रिकामे करावेत. लग्नाचे अल्बम, हप्त्याच्या पावत्या, मुलांच्या पहिलीतल्या वह्या असे काही ना काही तिथे निघतेच, आणि ते काम तासाभरात आटपत नाही.