इयत्ता तिसरी, पायरी पहिली

जून २०२२ मध्ये तमिळनाडूने सरकारी शाळांतील पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी ‘एण्णुम एळुत्तुम’, म्हणजे ‘अंक आणि अक्षर’, हा उपक्रम सुरू केला. करोनाकाळात शाळा बंद राहिल्या आणि लहान मुलांचे वाचन-गणित मागे पडले. आठ वर्षांच्या प्रत्येक मुलाला २०२५ पर्यंत समजून वाचता यावे आणि साधे हिशेब जमावेत, हे उद्दिष्ट ठरले. तंजावर जिल्ह्यातली एखादी शाळा घेतली, तर या आखणीत तिसरीच्या एकाच वर्गात अरुंबू, मोट्टू आणि मलर असे तीन गट पडतात. मुलाला काय येते यावरून त्याचा गट ठरतो. ज्याला अजून अक्षरे जोडता येत नाहीत, त्याच्या हाती पहिलीच्या पातळीची सरावपुस्तिका येते. याला ‘पोराला मागे ढकलले’ असे म्हणणारे पालक आपल्याकडेही भेटतील. तरीही प्राथमिक वर्गातला आठवडा आखायचा तो मूल ज्या पायरीवर उभे आहे तिथूनच, आणि या म्हणण्याचे जुने दाखले तमिळ मुलखातच सापडतात.

आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळांसारख्या तमिळ मुलखात ओसरीवर ‘तिण्णै’ शाळा भरत. मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याच्या १८२६ च्या टिपणात मद्रास इलाख्यातल्या शाळा-पाठशाळांची संख्या १२,४९८ दिली आहे. तिथे मूल आधी मोठ्याने म्हणत वाळूत अक्षर गिरवी, मग ताडपत्र आणि लोखंडी लेखणी हाती येई, ‘एण्चुवडी’तले पाढे पाठ होत. सगळ्या मुलांनी अमुक दिवशी अमुक धडा संपवावा, असा दंडक नव्हता. पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवी. त्या शाळांचे गोडवे गाण्याचे कारण नाही: घोकंपट्टी होती, छडी होती, मुली अपवादानेच दिसत आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले बहुधा बाहेरच राहत. त्यातून घ्यायचे ते एवढेच की वेगवेगळ्या पायऱ्यांवरची मुले एकत्र शिकणे ही काही आजच्या शिक्षणतज्ज्ञांची टूम नाही.

दुसरा दाखला मराठ्यांच्या दरबारातला. श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या सरफोजी राजांनी (दुसरे) तंजावरात शाळा काढल्या, देवनागरी छापखाना उभारला, आणि तिथून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टींचे मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ छापून निघाले. त्यांच्या नावावरच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यकाव्यात भविष्य सांगत फिरणारी कुरवंजी पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगते. विषय नवा, पण साचा तंजावरच्या प्रेक्षकांच्या परिचयाचा. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करायची, हे सूत्र राजाने भूगोलाला लावले. शाळेने ते अक्षरओळखीला लावायचे आहे.

अलीकडचा पुरावाही याच बाजूचा आहे. हरियाणातल्या सरकारी शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या पद्धतीने रोज वेगळा तास राखून, इयत्ता बाजूला ठेवून, पातळीनुसार गट करून हिंदी शिकवले, तेव्हा मुलांचे वाचन सुधारल्याचे अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी दाखवले. मात्र जिथे साहित्य आणि प्रशिक्षण दिले, पण वेळ राखून ठेवला नाही, तिथे फरक पडला नाही. म्हणून वेळ राखायला हवा, आणि तो आठवड्याच्या हिशेबाने. एका दिवसावरून मुलाची पारख होत नाही. ते आजारी असेल, घरच्या कामाने पेंगुळलेले असेल. सहामाही परीक्षेची वाट पाहिली, तर अडलेले मूल चार धडे आणखी मागे पडलेले असते. सोमवारी काय अडले होते आणि शुक्रवारी काय सुटले, हे शिक्षकाला दिसते आणि पुढच्या सोमवारी आखणी बदलता येते.

आक्षेप तीन आहेत. पहिला, गटाचा शिक्का कायमचा बसेल. ही भीती रास्त आहे. म्हणून गट वाचनाचा वेगळा, गणिताचा वेगळा हवा आणि तो वारंवार बदलायला हवा. जो गट वर्षभर हलत नाही, तो जुन्या ‘ढ’ बाकाचेच नवे नाव. दुसरा, शिक्षकांवर बोजा वाढतो. खरे आहे, अ‍ॅपवर मुलांच्या प्रगतीच्या नोंदी भरण्यातच वेळ जातो, ही शिक्षकांची तक्रार बाजूला सारता येणार नाही. नोंद मुलाची पुढची पायरी ठरवायला उपयोगी पडत नसेल, तर ती कार्यालयाची सोय झाली. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासमध्ये वाळूत लिहिणारी मुले पाहिली आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याची ‘मद्रास पद्धत’ १७९७ मध्ये इंग्लंडात पुस्तकरूपाने मांडली. तिथे ती गाजली याचे एक मोठे कारण म्हणजे स्वस्ताई: एका मास्तरावर शेकडो मुले भागत. पायरीनुसार शिक्षणाचा आधार घेऊन आजही शिक्षकांची पदे वाचवता येतील. पण पातळ्या जितक्या जास्त, तितके जाणते शिक्षक अधिक लागतात. सरकारने गट पाडायचे आणि शिक्षक मात्र द्यायचे नाहीत, असे केले तर तीन पुस्तिका तीन ठिकाणी उघड्या राहतील आणि शिकवणे एकीतूनही होणार नाही.