आकड्यांची रांग आणि यवतमाळचा पाऊस

यवतमाळ जिल्ह्यात जूनच्या पहिल्या सरींवर सरकी टोबली आणि नंतर पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो. असे किती वर्षी घडले असेल? १९०१ ते २०२० या १२० वर्षांचा रोजचा पाऊस पाहिला तर अंदाज येईल. पुण्याच्या भारतीय हवामान विभागाने पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून अशी आकडेवारी तयार केली आहे. देशावर पाव अंशाचे जाळे कल्पून त्याच्या प्रत्येक बिंदूचा पाऊस दिलेला आहे. पूर्व-पश्चिम १३५ आणि दक्षिणोत्तर १२९ बिंदू, म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ आकडे आणि वर्षाचे सुमारे साडेत्रेसष्ट लाख.

हा झाला तीन दिशांना पसरलेला तक्ता; संगणकाच्या भाषेत अ‍ॅरे. परंतु फाईल किंवा तार यांना दिशा एकच. तेव्हा तक्ता उलगडून त्याची एक लांब रांग करावी लागते. या क्रियेला सिरिअलायझेशन म्हणतात. ४० मुलांचे ६ विषयांचे गुण तुम्ही केंद्रशाळेला फोनवर सांगता, तेव्हा हेच करता. दर गुणाआधी मुलाचे नाव आणि विषय उच्चारलात तर तास जाईल. ‘हजेरीच्या क्रमाने, मराठीपासून सुरू’ असे एकदा ठरवून नुसते २४० आकडे सांगितले, तर काम पटकन उरकेल. कित्येक प्रोग्राम पहिल्या प्रकारे वागतात. प्रत्येक आकड्याला ‘तू कोणत्या जातीचा?’ असे विचारतात आणि मग एकेक लिहितात. सर्व आकडे एकाच प्रकारचे असतील, तर ही चौकशी एकदाच करून स्मृतीतला अखंड पट्टा जसाच्या तसा उचलावा.

दुसरा प्रश्न आकडा लिहायचा कसा, हा. २३.४ अक्षरांत लिहिला तर चार अक्षरे आणि एक स्वल्पविराम. द्विमान रूपात नेमके चार बाइट. जागेचा फरक फारसा नाही. वेळ जातो तो दशमानातून द्विमानात उलथापालथ करण्यात, तीही वर्षाला साडेत्रेसष्ट लाख वेळा. शिवाय ०.० आणि ११२.५ यांची लांबी वेगळी, त्यामुळे हवा तो आकडा गाठण्यासाठी आधीचे सगळे वाचावे लागतात. चार-चार बाइट ठरलेले असले की नुसता गुणाकार पुरतो. यवतमाळ शहराजवळचा बिंदू २०.५ उत्तर, ७८.२५ पूर्व. दिवसाच्या तक्त्यात त्याच्याआधी ५६ पूर्ण ओळी आणि ४७ आकडे येतात: ५६ × १३५ + ४७ = ७,६०७. लीप नसलेल्या वर्षी १५ ऑगस्टच्या आधी २२६ दिवस जातात. म्हणून २२६ × १७,४१५ + ७,६०७ = ३९,४३,३९७ आकडे सोडायचे, म्हणजे १,५७,७३,५८८ बाइट. थेट तिथे उडी.

तरीही आमचा पेरणीचा प्रश्न रेंगाळतोच, कारण यवतमाळचे लागोपाठचे दोन दिवस फाईलमध्ये ६९,६६० बाइट दूर असतात. डिस्क चार बाइट सुटे देत नाही. बहुधा ४,०९६ बाइटांचा ठोकळाच देते. १२० वर्षांचे ४३,८३० दिवस म्हणजे तितकेच ठोकळे. तीच आकडेवारी ‘आधी बिंदू, मग दिवस’ अशा क्रमाने एकदा पुन्हा लिहून ठेवली, तर यवतमाळचे सगळे दिवस १,७५,३२० बाइटांत सलग येतात, आणि त्याला ४३-४४ ठोकळे पुरतात. मात्र देशाचा एका दिवसाचा नकाशा काढणाऱ्याला हाच क्रम जाचेल. रांग लावण्याआधी वाचणारा कोण, हे विचारायला हवे. प्रोग्राम लिहिणारे नेमके तेच विसरतात.

द्विमान फाईल उघडून डोळ्यांना काही दिसत नाही, हा तिचा दोष. बाइटांचा क्रम आणि ओळी-स्तंभांची संख्या सोबतच्या टिपणात हवीच. चार बाइट उलट्या क्रमाने वाचले, तर २५ मिलिमीटर पावसाचा आकडा जवळजवळ शून्य होतो, संगणकातच दुष्काळ! भारताबाहेरच्या बिंदूंवर −९९९ लिहिलेले असते, तेही बेरजेत शिरू द्यायचे नाही. हे आकडे गाळून फाईल निम्म्याहून लहान करता येते, पण मग वरचा सोपा गुणाकार चालत नाही. मी ते गाळत नाही. नवी फाईल लिहिली की आधी यवतमाळच्या बिंदूची जानेवारी आणि जुलैची बेरीज करून पाहतो. जुलै भरघोस आला, तरच पुढच्या कामाला हात लावतो.