चिंचेने घासलेलं नाव

ती चकती कल्याणला शेजारच्या ताईंच्या घरी पाहिली. छोट्या ताटलीएवढी, कांशाची, हातात घेतली तर मनगट खाली जाईल इतकी जड. एका बाजूला सिंह, त्रिशूळ धरलेली बाई आणि चौकटीत एक इंग्रजी नाव. हुद्दा नाही, पलटण नाही, गाव नाही. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने अशा चकत्या पाठवल्या होत्या. या घरात ती दर दसऱ्याला चिंचेने घासून देवापुढे ठेवतात. शंभर वर्षं घासल्यामुळे नावाची अक्षरं सपाट होत चालली आहेत.

"पणजोबा," ताई म्हणाल्या. "लढाईवर गेले ते आलेच नाहीत. काळ्या पाचवीत होते, एवढं आजी सांगायची."

काळी पाचवी. हा शब्द काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून ताई डोंबिवलीच्या काकांकडे निघाल्या तेव्हा मीही सोबत गेले.

काका रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झाले. गेली काही वर्षं ते घरबसल्या एकच काम करतात, पैसे घेत नाहीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीतली मृत सैनिकाची एक ओळ घ्यायची आणि तिच्यावरून त्याची तुकडी, ठिकाण आणि गाव शोधायचं. त्या ओळीत असतं तरी काय? नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख, बापाचं नाव आणि गाव.

पहिली अडचण नावाची. साहेबाच्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं. काका पडद्यावरचं आडनाव मोठ्याने वाचतात. एकदा 'ड' लावून, एकदा 'ढ' लावून, मग 'ळ' लावून. सगळी खोली ऐकत असते. चौथ्या-पाचव्या वेळी ताईंची मान वर येते, "हेच, हेच आमचं." घरी परतल्यावरही मला तो आवाज ऐकू येत राहिला. शंभर वर्षं इंग्रजीत अडकलेलं नाव पुन्हा मराठी तोंडात येत होतं.

मग गाव. ओळीत 'कुलाबा' होतं. सोबत आलेल्या ताईंच्या मुलाला वाटलं, मुंबईतला कुलाबा. काकांनी मान हलवली. तो कुलाबा जिल्हा, १९८१ पासूनचा रायगड. 'ठाणा' लिहिलेलं असलं तर आणखी जपून वाचावं लागतं, कारण २०१४ साली त्या जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला.

मग पलटण. ओळीत '१०५ वी मराठा लाइट इन्फंट्री' असं होतं. आजीची काळी पाचवी कुठेच नव्हती. काकांनी वहीचं एक पान पुढे केलं. मुंबईच्या फौजेची पाचवी पलटण पुढे १०५ वी झाली. १९२२ साली सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या, तेव्हा १०३ वी झाली पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी. पहिलीला आजही जंगी पलटण म्हणतात आणि दुसरीला काळी पाचवी. आजीच्या तोंडचा शब्द आणि सरकारी आकडा एकच निघाले. ताईंनी '१०५' स्वतःशी दोनदा म्हटलं.

१०५ वी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढली. तिथे मेलेल्या आणि कबर ज्ञात नसलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. पण भिंतीवर नावं कोरली ती ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांची प्रत्येक रेजिमेंटखाली नुसती संख्या. २०२१ साली आयोगाने अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. पलटणींच्या युद्धडायऱ्यांतही बहुतेक वेळा हेच, गोरा अधिकारी पडला की नाव, शिपाई पडले की आकडा. आपल्याकडच्या कित्येक गावांतल्या शिळाही तशाच. इतके इसम महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके मेले. नाव राहिलं ते घरातल्या चकतीवर, आणि तेही चिंचेने झिजत चाललेलं.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन मृतांचा शोधही असाच चालतो. तिकडे सैनिकाच्या गळ्यात मधोमध छिद्रांची रेघ असलेला पत्रा असे. मेल्यावर अर्धा तोडून घेत. त्यावरची तुकडी बहुधा पत्रा दिला तेव्हाची, मेला तेव्हाची असेलच असं नाही. तिथली नातवंडं मात्र आकडा भीत भीत वाचतात. आजोबा पोलिसांत होते आणि नोंदीत '१०१ वी राखीव पोलीस बटालियन' निघाली, तर पुढचं पान पोलंडमधल्या युझेफूफचं असू शकतं. १३ जुलै १९४२ रोजी हँबर्गच्या त्या बटालियनने तिथे सुमारे दीड हजार ज्यूंना गोळ्या घातल्या. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून तर कागदाच्या पुढे एक पाऊल टाकायचं नाही. अभिमानासाठी नाही आणि लाज झाकायलाही नाही."

ताईंनी शेवटी विचारलंच, "काका, लढतानाच गेले ना ते?"

काकांनी पलटणीच्या युद्धडायरीचं त्या तारखेचं पान उघडलं होतं. त्यात मुक्काम, पाणी, हवा होती. चकमकीचा उल्लेख नव्हता. मेसोपोटेमियात तापाने, हगवणीने, उन्हाने माणसं ढिगाने गेली.

"ताई, ते या तारखेला १०५ मध्ये असताना गेले. कशाने, ते कागद सांगत नाही. मी कसं सांगू?"

ताई बराच वेळ गप्प होत्या. मला त्या क्षणी काका कठोर वाटले. आता वाटतं, त्या शिपायाला इतक्या वर्षांत मिळालेला हा पहिला खरा मान होता. कुणीतरी त्याचं नाव नीट उच्चारलं आणि त्याच्या नावावर खोटं काही चढवलं नाही.

निघताना काकांनी कोऱ्या कागदावर मराठीत चार ओळी लिहून दिल्या. नाव, बापाचं नाव, गाव, पलटण. ताईंनी विचारलं, "चकती घासू की नको?"

"साध्या कापडाने पुसा," काका म्हणाले. "चिंच नको."