आवाज खाली आला

२००२ साली साओ पावलोतल्या एका हॉटेलच्या खोलीत मॅडलिब हा संगीतकार थोडकं सामान घेऊन बसला होता. सोबत नेता येईल असा रेकॉर्ड प्लेअर, एक कॅसेट डेक आणि जाडजूड पुस्तकाएवढं एक यंत्र, बॉस एसपी-३०३. ब्राझीलच्या दुकानांतून त्यानं जुन्या रेकॉर्ड्सची खोकीच्या खोकी घेतली होती. ‘मॅडव्हिलनी’ या अल्बममधलं बरंचसं संगीत त्या खोलीत तयार झालं. स्टुडिओ नाही, वादक नाहीत, काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रकही नाही!

हे जमतं कसं? एसपी-३०३ हा सॅम्पलर आहे. जुन्या रेकॉर्डमधले दोन-चार सेकंद त्यात भरायचे, हवा तर वेग किंवा पट्टी बदलायची, नको तिथं कापायचं आणि उरलेला तुकडा फिरवत ठेवायचा. सांगायला एवढंच. पण हजारो रेकॉर्ड्समधले नेमके कुठले दोन सेकंद, हे ज्याला ऐकू येतं तो कलावंत. मॅडलिबचा कान कुठल्याच सीमा मानत नाही. ‘शॅडोज ऑफ टुमॉरो’ या अडीच मिनिटांच्या गाण्यात सन रा या जाझ संगीतकाराचे शब्द आहेत आणि तालाच्या तळाशी चक्क आपले राहुलदेव बर्मन आहेत. पंचमदांच्या गाण्याचा तुकडा लॉस एंजेलिसच्या हिपहॉपमध्ये इतका सहज मुरलेला ऐकला की अंगावर काटा येतो. पुढे २००७ मध्ये मॅडलिबनं हिंदी चित्रपटसंगीतातून अख्खा अल्बम उभा केला.

‘मॅडव्हिलनी’तले शब्द आणि आवाज डॅनियल डूमिलेचे, म्हणजे एमएफ डूम या रॅपरचे. तरुणपणी तो भावाबरोबर केएमडी या गटात होता. १९९३ मध्ये भाऊ अपघातात गेला. पाठोपाठ मोठ्या रेकॉर्ड कंपनीनं त्यांचा तयार अल्बम मुखपृष्ठाच्या वादावरून रोखला आणि करार मोडला. काही वर्षं डूम दिसेनासाच झाला. परतला तो चेहऱ्यावर धातूचा मुखवटा चढवून, कॉमिक्समधल्या खलनायकाचं नाव घेऊन. मॅडलिबबरोबरच्या अल्बमसाठी त्यानं ‘स्टोन्स थ्रो’ या लहानशा स्वतंत्र कंपनीशी करार केला, तो कागदी ताटलीवर लिहून. ज्याला जाडजूड करारानं एकदा रस्त्यावर आणलं होतं, त्याला ही ताटली अधिक भरवशाची वाटली असेल, असं मला वाटतं.

डूमचं यमक समजून घ्यायला मोरोपंत आठवावेत. ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं रामायण रचणाऱ्या आपल्या आर्याकाराला डूमचं वेड लगेच कळलं असतं. ओळीच्या शेवटी एक अक्षर जुळवून डूमचं भागत नाही. चार-पाच अक्षरांची अख्खी साखळी तो पुढच्या ओळीत पुन्हा गुंफतो, मध्येच दुसरी सुरू करतो, आणि हे करताना गप्पा मारल्यासारखा बोलत राहतो. यमक कुठं लागलं हे कानाला आधी कळतं, डोक्याला नंतर.

अल्बम बाहेर येण्याच्या चौदा महिने आधी मात्र त्याची कच्ची आवृत्ती इंटरनेटवर फुटली. दोघांचंही मन उडालं, दोघंही दुसऱ्या कामांकडे वळले. पुन्हा हात घातला तेव्हा डूमनं आपला भाग नव्यानं म्हटला. कच्च्या टेपवरचा आवाज उत्साही, चढा, थोडा घाईचा आहे. नवा आवाज खर्जात उतरलेला, संथ, जवळजवळ सुस्त. शब्द बहुतेक तेच, पण आता त्यांना एकमेकांपासून वेगळं होऊन कानावर पडायला जागा मिळाली. या अल्बमचं मोठेपण मला त्या जागेत दिसतं. कच्ची आवृत्ती फुटली नसती तर तो आवाज खाली आला असता का?

२३ मार्च २००४ रोजी अल्बम आला. २२ तुकडे, ४६ मिनिटं, ध्रुवपद जवळजवळ कुठंच नाही. कित्येक गाणी दोन मिनिटांतच संपतात, कान रुळतो न रुळतो तोच पुढचं सुरू. रेडिओला असलं काही चालत नाही. बिलबोर्डच्या २०० अल्बमांच्या यादीत तो १७९व्या क्रमांकापर्यंत जेमतेम पोचला. समीक्षक मात्र हरखून गेले. ‘पिचफोर्क’नं दहापैकी ९.४ गुण दिले, हिपहॉपकडे क्वचित वळणाऱ्या ‘न्यू यॉर्कर’नंही त्याची दखल घेतली. मग ऐकणाऱ्यांनी एकमेकांना सांगत तो पुढे नेला. टायलर, द क्रिएटर आणि अर्ल स्वेटशर्टसारखे रॅपर तो ऐकत वाढले. २०२० मध्ये ‘रोलिंग स्टोन’नं सर्वकालीन ५०० अल्बमांत त्याला ३६५वं स्थान दिलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला डूम गेला, आणि ही बातमी जगाला कळली ती ३१ डिसेंबरला.

फुटलेली ती कच्ची आवृत्ती पुढे कंपनीनं स्वतःच प्रसिद्ध केली. त्यामुळे ‘फिगारो’ हे गाणं आता दोन्ही आवाजांत ऐकता येतं. आधी कच्चं ऐका, मग अल्बममधलं. हेडफोन लावून.